फोटोतलं विमान नेमकं कोणतं? आमच्या शनिवारच्या कट्ट्याचं एक प्रकरण

आमचा कट्टा म्हणजे काही संस्था वगैरे नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. दर शनिवारी सकाळी साडेसातला विश्रांतवाडीच्या एका उडुप्याकडे आतल्या मोठ्या टेबलावर पाच जण जमतो, जुन्या विमानांवर बोलतो, आणि बोलता बोलता कुणाचा गुडघा, कुणाच्या सोसायटीचा टँकर, कुणाच्या सुनेची रात्रपाळी असं सगळं त्यातच मिसळत जातं. लोहगाव जवळ, त्यामुळे सुखोई डोक्यावरून गेलं की अर्धा मिनिट सगळे गप्प, वेटरसुद्धा कपबशा हातात धरून थांबतो, त्याला आता सवय झालीय. हे प्रकरण गेल्या नोव्हेंबरात सुरू झालं, पाच-सहा शनिवार खाल्ले त्यानं, आणि आता कुणी विचारलं की आम्ही प्रत्येक जण वेगळंच सांगतो, म्हणून म्हणलं एकदा सगळं क्रमवार लिहून टाकू.

आधी माणसं सांगतो, कारण कोण कुठल्या बाजूनं का भांडलं ते त्याशिवाय कळायचं नाही. ओझरवाले काका, नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे सरकारी विमान कारखान्यात, आयुष्य मिग लढाऊ विमानं जोडण्यात गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात २६ तारखेला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा काका सलग दोन शनिवार आलेच नाहीत, तिसऱ्याला आले ते सरळ इडलीवर, विषय काढलाच नाही आणि आम्हीही काढला नाही. दुसरे बँकवाले काका, घरी एक अख्खी खोली विमानांच्या मॉडेलची, आणि ब्रिटिश विमान म्हणलं की डोळे चमकतात यांचे. तिसऱ्या गणिताच्या बाई, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण अजून टेबलावर बोटानं आकृती काढल्याशिवाय बोलत नाहीत, लहानपण सगळं सांताक्रूझला एअरपोर्टच्या क्वार्टरात गेलेलं. चौथा आमचा हिंजवडीवाला, वय तीस, आमच्यात बसतो म्हणून त्याची बायको त्याला म्हातारा म्हणते. आणि पाचवा मी, पोस्टातून रिटायर.

तर हिंजवडीवाल्याची आजी नागपूरची, वय ९२, दिवाळीनंतर कायमची पुण्याला यांच्याकडे आली. सोबत एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत लुगडी, देवाच्या पितळी मूर्ती, एलआयसीची जुनी पाकिटं आणि त्यात एक फोटो, पत्त्याच्या पानाहून जरा मोठा, कडा करवतीसारख्या कापलेल्या असायच्या ना तसल्या. रात्रीचा फोटो, फ्लॅश मारून काढलेला. मध्ये एक किडकिडीत माणूस, अंगात गुडघ्यापर्यंतचा डिस्पोजलचा, म्हणजे लष्करानं विकायला काढलेल्या मालातला कोट, गळ्यात मफलर, खांद्यावर पोतं. त्याच्या डावीकडे हातगाडी, तिच्यावर पोत्यांची थप्पी. थप्पीच्या वर मागे विमानाच्या इंजिनाचं गोल नाक आणि प्रोपेलरची दोन पाती, दोन्ही वरच्या दिशेला, व्हीच्या आकारात. वर कोपऱ्यात पंखाचा खालचा भाग आणि त्यावर रंगवलेल्या अक्षराचा एक तिरका फराटा. बस. चाकं गाडीमागे लपलेली, खिडक्या नाहीत, शेपूट नाही. मागच्या बाजूला शाईनं लिहिलेलं, 'सोनेगाव, जाने. ५२', पण त्यावर कधीतरी पाणी सांडलेलं आणि तो शेवटचा आकडा २ आहे की ९ हे ठरवणं अवघड.

पोरगा म्हणाला, घरात सगळे म्हणतात आजोबा डकोटावर होते. पण आमच्या घरात पंख असलेलं काहीही डकोटाच असतं, २००८ ला मी पहिल्यांदा एअरबसमधून गेलो तेव्हा पण आजीनं विचारलं होतं डकोटात भीती नाही वाटली का. तर हे खरंच डकोटा आहे का सांगा.

एवढंच विचारलं होतं त्यानं. बँकवाल्या काकांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि म्हणाले व्हायकिंग. झालं, तिथून सुरू.

मी मात्र विमान बघितलंच नव्हतं अजून. मला दिसलं होतं ते खांद्यावरचं पोतं, त्याच्या गळ्याला सुतळी, सुतळीत लेबल आणि गाठीवर लाखेचा गोळा. चौतीस वर्षं बघितलेली वस्तू ती, अंधारात हात लावून ओळखीन. पोस्टाची बॅग. आणि सोनेगाव म्हणजे नागपूरचा विमानतळ, आणि रात्र, म्हणजे हे नाइट मेल, दुसरं काही असूच शकत नाही. हे बोललो तर ओझरवाले काका म्हणाले ते ठीक आहे हो पण विमान कोणतं? म्हणजे मी जे ओळखलं ते कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

नाइट मेल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा थांबतो, कारण मला स्वतःला ही आपल्याकडची फार भारी गोष्ट वाटते आणि नागपूरकरांनी तिचा पाहिजे तेवढा गवगवा केला नाही असं माझं मत आहे. ३० जानेवारी १९४९ ला ही सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपुरात उतरायची. तिथं पोती आणि पॅसेंजर यांची अदलाबदल, आणि मग पहाटेच्या आत जो तो आपल्या वाटेला. मुंबईहून नागपूर सरळ रेषेत जेमतेम सातशे किलोमीटर, कलकत्त्याहून साडेनऊशेच्या पुढे, त्यामुळे निघायच्या वेळा वेगवेगळ्या पण गाठ एकाच ठिकाणी. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. आणि १ एप्रिल १९४९ पासून पोस्टानं ऑल-अप योजना आणली, म्हणजे देशातल्या पत्राला विमानासाठी जास्तीचं तिकीट लावायची गरजच नाही, साध्या तिकिटावर जिथं विमान जातंय तिथं पत्र विमानानं जाणार. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते, त्यांनी हे सगळं रेटून नेलं. सगळा माल रात्री एका मधल्या ठिकाणी आणायचा, वाटायचा आणि सकाळपर्यंत पोचवायचा ही आयडिया लोक फेडेक्सच्या नावावर सांगतात, त्यांचं मेम्फिस १९७३ ला सुरू झालं. असो, हे मी कट्ट्यावर दर दोन महिन्यांनी सांगतो, त्या दिवशी पण सांगितलं, कुणी ऐकलं नाही.

आता तीन पक्ष पडले.

बँकवाल्या काकांचा व्हायकिंग. व्हिकर्स व्हायकिंग, दोन इंजिनांचं ब्रिटिश विमान, पोट जरा सुटलेलं, लढाईनंतरचं. त्यांचा मुद्दा असा की १ ऑगस्ट १९५३ ला आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा ताफ्यात १२ व्हायकिंग होती, म्हणजे देशात ती उडत होती हे तर नक्की. आणि दुसरा मुद्दा, जो ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला, तो म्हणजे पंखाखालचा तो तिरका फराटा व्ही अक्षराचा आहे. अहो, बाई म्हणाल्या, भारतातल्या प्रत्येक विमानाचं रजिस्ट्रेशन व्हीटीनंच सुरू होतं, सगळ्यांच्याच पंखाखाली व्ही असतो. काका म्हणाले हो पण व्हायकिंगच्या पण असतो ना. आता याला काय बोलणार.

ओझरवाल्या काकांचं डकोटा, ते पण दोन इंजिनांचं. त्यांचं म्हणणं साधं, त्याच ५३ च्या ताफ्यात डकोटा ७४ होती. डोळे मिटून बोट ठेवलं तरी डकोटावर पडेल. लढाई संपल्यावर अमेरिकन लोक आपल्याकडे ढिगानं डकोटा टाकून गेले, ती डिस्पोजलमध्ये स्वस्तात निघाली, बंगलोरला एचएएलनं कितीतरी ठोकठाक करून पॅसेंजरला लायक केली, आणि त्या काळात ज्या एवढ्या एअरलाइन कंपन्या उगवल्या त्या त्याच्याच जिवावर. काका म्हणाले बघ ना, आजोबांचा कोट पण डिस्पोजलचा आणि विमान पण डिस्पोजलचं.

बाईंचं स्कायमास्टर, डीसी-४, चार इंजिनांचं. त्यांचं सगळं त्या शेवटच्या आकड्यावर टेकलेलं. त्या म्हणाल्या तो ९ आहे, ५९ साल, आणि ५९ ला नाइट मेलवर स्कायमास्टर असायची, आम्ही पोरं सांताक्रूझला रात्री गच्चीवरून आवाज ओळखायचो. फोटोत एकच इंजिन दिसतंय म्हणून दोनच आहेत असं कुणी सांगितलं? हा मुद्दा चांगला होता आणि त्यावर कुणाकडेच लगेच उत्तर नव्हतं. त्या दिवशी तेवढ्यावर उठलो, कारण ओझरवाल्या काकांच्या घरी गॅस संपला होता.

दुसऱ्या शनिवारी काका एक आयडिया घेऊन आले. डकोटाच्या प्रोपेलरचा व्यास साडेअकरा फूट, आजोबांची उंची घरच्यांना माहीत असणार, तर फोटोत आजोबा किती सेंटिमीटर आणि पातं किती सेंटिमीटर, त्रैराशिक मांडा. पोरानं आईला फोन लावला, आई म्हणाली पाच फूट चार, मागून आत्या म्हणाली पाच सहा, तिकडेच दोघींचं जुंपलं. आणि मुळात माणूस पुढे उभा आणि विमान मागे, किती मागे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे पातं छोटंच येणार. बाईंनी दोन मिनिटांत ते मोडीत काढलं. काका जरा हिरमुसले. मग अर्धा तास सोसायटीच्या लिफ्टच्या कोटेशनवर बोलणं झालं.

आता कोनाची गोष्ट, आणि या सगळ्या प्रकरणात मला स्वतःला सगळ्यात मजा आलेला भाग हाच.

डकोटाच्या प्रोपेलरला तीन पाती, व्हायकिंगच्या चार. तीन असतील तर दोन पात्यांमधला कोन १२० अंश, चार असतील तर ९०. फोटोत दोनच पाती दिसतायत, खालची थप्पीमागे. बँकवाले काका नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले, पोरानं फोटो मोठा करून छापून आणला होता, त्यावर ठेवला, आणि आले १०३. ना इकडचे ना तिकडचे! काका म्हणाले ९० ला जवळ आहे. ओझरवाले म्हणाले १३ नं लांब आणि १७ नं लांब यात जवळ काय आलं, भाजी घेतोय का आपण.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी वर बघितलं. उडुप्याच्या भिंतीवर एक फॅन लावलेला, तीन पात्यांचा, थंडीमुळे बंद. त्या उठल्या, वेटरला म्हणाल्या याचं एक पातं खाली कर, बरोबर सरळ खाली. वेटरनं स्टुलावर चढून केलं. आता वरची दोन पाती व्हीसारखी झाली, फोटोतल्यासारखी. समोरून बघा, बाई म्हणाल्या. १२०. आता हळूहळू बाजूला सरका. आम्ही पाच म्हातारे, म्हणजे चार म्हातारे आणि एक पोरगा, फॅनकडे बघत टेबलांच्या मधून एकेक पाऊल बाजूला सरकतोय आणि लोक डोशाचा घास हातात धरून आमच्याकडे बघतायत. आणि खरंच, जसजसं बाजूला जाल तसतशी दोन पाती एकमेकांकडे आवळत जातात. अर्ध्या कोनात, म्हणजे ४५ अंशांवर उभे राहिलो तर पोरानं मोबाईलवर काढलेल्या फोटोत कोन भरला १०२.

बाईंचा मुद्दा आता कळला. फोटोग्राफर विमानाच्या अगदी समोर नव्हता, तिरका उभा होता, ते इंजिनाच्या नाकावरून दिसतंच, गोल नाही अंडाकृती दिसतंय. तिरकं बघितलं की आडवी लांबी आखूड होते, उभी तेवढीच राहते. त्यामुळे वर तोंड करून व्ही केलेल्या दोन पात्यांमधला कोन आवळू शकतो, फुगू शकत नाही. म्हणजे १०३ दिसतोय तर खरा कोन १०३ किंवा जास्तच. ९० चा १०३ होणं शक्य नाही. त्यांनी पुठ्ठ्याची फुली कापून चार पात्यांचं पण करून दाखवलं, बाजूनं बघितल्यावर ९० चा ७१ झाला.

बँकवाले काका काही लेचेपेचे नाहीत. पुढच्या शनिवारी ते तयारी करून आले. म्हणाले बाई, तुमचं गणित विमान सपाट उभं असेल तर बरोबर, पण व्हायकिंग काय, डकोटा काय, दोन्ही शेपटीवर बसतात, नाक वर, म्हणजे प्रोपेलरची चकती वरून मागे कललेली, मग उभी लांबी पण आखूड होणार आणि कोन फुगणार. हे ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो मी त्यांच्या नातीच्या बारशाला पण बघितला नव्हता. म्हणाल्या शाब्बास! मग दोघांनी बिलाच्या मागे आकडेमोड केली. डकोटा जमिनीवर अकरा-बारा अंशांनी नाक वर करून उभं असतं, व्हायकिंग तसंच धरा, बारा अंशांचा कोसाइन ०.९७८, म्हणजे ९० चा ९१ आणि वर थोडं, दीड अंशाच्या आत. १०३ काही होत नाही. काकांनी आकडा दोनदा तपासला, बिल घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाले मी व्हायकिंग मागे घेतो पण मला ते आवडत नाही.

म्हणजे व्हायकिंग गेलं. पण डकोटा सिद्ध झालं का, तर नाही. कारण स्कायमास्टरला पण तीनच पाती. बाईंनी स्वतःच स्वतःच्या विमानाला वाचवलं होतं असं ओझरवाले काका म्हणाले, आणि त्यात तथ्य होतंच. आता फरक कळायला चाकं हवीत, डकोटाला प्रत्येक बाजूला एक मोठं चाक, स्कायमास्टरला जोडचाकं आणि नाकाखाली आणखी एक. पण चाकं हातगाडीमागे. अडकलो. पोरानं इंजिनाचा भाग आणखी मोठा करून ए-थ्री कागदावर छापून आणला, त्यात नुसते ठिपके दिसले.

इथं आमचं काय चुकलं ते सांगतो. चार शनिवार झाले होते, फोटो पंधरा वेळा मोठा करून झाला होता, फॅन झाला, पुठ्ठा झाला, आणि फोटोतल्या माणसाची बायको पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर गॅलरीत बसून मेथी निवडत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. का नाही विचारलं, तर तिला एअरबस पण डकोटाच वाटते म्हणून. पोरानं पहिल्याच दिवशी हसत सांगितलेलं ते वाक्य आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. विचारायचं सुचलं ते पण मला किंवा पोराला नाही. बाईंना आजीला एकदा भेटायचं होतं, त्यांच्या हातची सांडग्यांची भाजी खायची होती, म्हणून त्या म्हणाल्या या शनिवारी तिकडेच जमू.

गेलो. आजी बारीक, ताठ, कानाला मशीन. पोरानं मोठ्या कौतुकानं तो ए-थ्री कागद आजीसमोर धरला. आजीनं बघितलं, उलटा करून बघितला, परत सुलटा केला.

"काहून रे, यांचं डोकं कुठी गेलं?"

इंजिन मोठं करताना आजोबा खांद्यापासून कापले गेले होते. कागदावर एक कोटाची बाही होती आणि पोत्याचा कोपरा. पोरगा लाल झाला, मोबाईलवर अख्खा फोटो काढून दाखवला. मग आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हा मुंबईच्या पायलटसाहेबानं काढला, महिन्याभरानं आणून दिला, बिचाऱ्यानं पैसे नाही घेतले.

मग ओझरवाल्या काकांनी मोठ्यानं, मशीनच्या अंदाजानं विचारलं, आजी, हे विमान डकोटा का? आजी म्हणाली डकोटाच न बाप्पा. काकांनी आमच्याकडे बघितलं, बाई हसल्या, कारण हे उत्तर तर येणारच होतं. पण मग आजी स्वतःहून पुढे बोलायला लागली आणि ती विमानाबद्दल बोलतच नव्हती, ती बोलत होती आजोबांच्या कंबरेबद्दल.

आजोबा पोती चढवणाऱ्या टोळीत. रात्री दहाला जेवून सायकलनं सोनेगावला, सोबत डबा, भाकर आणि झुणका, हिवाळ्यात तिळाची चटणी. पहाटे परत. थंडीत धुक्यानं दिल्लीचं विमान आलं नाही की बाकीची तिघं त्याच्यासाठी थांबून राहत आणि मग सकाळचे आठ वाजत. आणि आल्यावर पहिलं काम म्हणजे कंबरेला गरम विटेचा शेक. का, तर "त्या विमानात चढण होती न. दार मागे, खाली, अन् पोतं पुढे न्यायचं, वर. घाटावर चढवल्यासारखं. मधात सोडलं का पोतं गडगडत परत दाराशी."

आम्ही चौघं एकदम गप्प. सुखोई गेल्यावर होतो तसे.

चढण! म्हणजे शेपटीवर बसणारं विमान. स्कायमास्टरला नाकाखाली चाक, ते सपाट उभं राहतं, त्यात चढण असूच शकत नाही. बाईंनी लगेच विचारलं, मग चार पंख्यांचं मोठं विमान यायचं का कधी? आजी म्हणाली ते मागून आलं, मोठा पोरगा शाळेत जायला लागला तेव्हा. ते सपाट होतं, चढण नव्हती, पण दार उंच, शिडीनं चढवावं लागे. "कंबर वाचली अन् खांदे गेले." बाईंनी मान डोलावली. म्हणजे त्यांचं गच्चीवरून ऐकलेलं स्कायमास्टर पण खरं होतं, फक्त या फोटोतलं नव्हतं.

आणि दार कसं होतं, ओझरवाल्या काकांनी विचारलं. आजी म्हणाली मी पाहिलं आहे न, एकदा यांनी नेलं होतं सायकलवर, जवळून दाखवलं. दोन झडपांचं, वाड्याच्या दारासारखं, बैलबंडी जाईल एवढं. काकांनी मांडीवर थाप मारली. डकोटा मुळात लष्करी माल वाहायला केलेलं, जीप आत जावी म्हणून डाव्या बाजूला मागे दोन झडपांचं मोठं दार, लढाईनंतर पॅसेंजरला वापरली तरी कितीतरी विमानांना ते दार तसंच राहिलं. एवढं सगळं आजीनं एका रात्री सायकलच्या कॅरियरवरून उतरून बघितलं होतं आणि सत्तर वर्षं तसंच ठेवलं होतं, आणि आम्ही फॅनखाली नाचत होतो.

सालाचं पण तिथंच मिटलं. २ की ९. आजीनं मोबाईलवर बोट ठेवलं ते मफलरवर. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत विणलेला, लोकर सीताबर्डीवरून आणलेली, एका टोकाला टाके सुटलेले कारण तेव्हा बंद करता येत नव्हतं नीट. लग्न ५१ च्या वैशाखात. आणि तो मफलर पुढच्याच वर्षी सोनेगावलाच कुठंतरी हरवला, त्यावरून भांडण पण झालं होतं. म्हणजे जानेवारी ५२. बाईंनी फोटो मोठा केला, मफलरच्या टोकाला खरंच दोरे लोंबतायत. हा फोटो आम्ही पंधरा वेळा मोठा केला होता, मफलरकडे एकानंही बघितलं नव्हतं.

मी विचारू नये ते विचारलं. डिसेंबर ५३ मध्ये नाइट मेलचं एक डकोटा सोनेगावहून उडाल्या उडाल्या पडलं होतं, १३ माणसं गेली, ते माझ्या वाचनात होतं. आजी म्हणाली, हो. त्या दिवशी आले, आंघोळ केली, डबा न उघडता बाजूला ठेवला. मग ती मेथीकडे वळली आणि आम्हीही विषय वाढवला नाही. सांडग्यांची भाजी झाली, पोळ्या झाल्या, बँकवाल्या काकांनी शुगर असून दोनदा भात वाढून घेतला.

तर प्रकरणाचा निकाल डकोटा. काही जण म्हणतील आजीनं पहिल्यांदा डकोटा म्हणलं तेच खरं निघालं, मग एवढा खटाटोप कशाला. तसं नाही हो, तिचं ते 'डकोटाच न' पुरावा म्हणून शून्य होतं, ते ती कशालाही म्हणते. चढण, दार आणि मफलर हा पुरावा. आणि व्हायकिंग बाईंच्या कोनानं गेलं ते गेलंच, कारण चढण व्हायकिंगला पण असते, आजीच्या कंबरेच्या गोष्टीनं ते हटलं नसतं. दार नसतं आठवलं तर तो कोनच उपयोगी पडला असता. ओझरवाले काका याला जॉइंट व्हेंचर म्हणतात.

बँकवाल्या काकांनी या सगळ्याचं प्रायश्चित्त म्हणून आजीसाठी डकोटाचं मॉडेल करायला घेतलं, एकास बहात्तर, पंखांची लांबी चाळीस सेंटिमीटर. दोन महिने लागले, मधे मोतीबिंदू झाला त्यांचा. फेब्रुवारीत आम्ही ते घेऊन परत गेलो. टीव्हीच्या शेजारी, आजोबांच्या फोटोसमोर ठेवलं, हा फोटो आता नीट छापून आणलेला, डोक्यासकट. आजीनं मॉडेलभोवती एक फेरी मारली. दार बघितलं, दोन झडपा बघितल्या, बोटानं हळूच खिडक्या मोजल्या. मग शेपटीपाशी वाकली आणि म्हणाली, "हे एवढं वर नव्हतं. आणखी खाली बसे."

काकांनी वाकून बघितलं. शेपटीच्या चाकाचा दांडा त्यांनी लांब ठेवला होता. पोराच्या मोबाईलवर कोन मोजला तर सात अंश. काकांनी काही न बोलता मॉडेल परत खोक्यात ठेवलं, आणि म्हणाले पुढच्या शनिवारी आणतो.